३०४ : हुकमाचं पालथं पान हातातलं धरायचं की नाही?

सायली_डोंबिवली :

नमस्कार मंडळी. गणपतीत सासरी, संगमेश्वरजवळच्या गावी, रात्रीच्या जागरणाला पत्त्यांचा, ३०४ चा डाव बसतो. माझं माहेर सोलापूरचं. तिकडे आम्ही मेंढीकोट आणि पाच-तीन-दोन खेळायचो, त्यामुळे बोली लावून, हुकूम लपवून खेळायचा हा प्रकार मला लग्नानंतरच कळला. आता तो मला मनापासून आवडतो. पण यंदा एका डावावरून इतकी वादावादी झाली की पत्ते आवरून ठेवले ते दुसऱ्या रात्री कोणी काढलेच नाहीत. पुढच्या वर्षी असं होऊ नये म्हणून विचारते आहे.

झालं ते असं. मी आणि माझे दीर भिडू, समोर नणंद आणि तिचे मिस्टर. मिस्टर २०० बोलले आणि हुकमाचं एक पान पालथं टाकलं. पहिल्याच हाताला बदाम आला, त्यांनी बदामची सत्ती टाकली. तिसऱ्या हाताला दिरांनी बदामची राणी उतरवली. त्यांच्या उजवीला मिस्टर, त्यांनी किलवरची अठ्ठी टाकली. मग मी नव्वी टाकून हात घेतला. आम्ही दोघांनीही मनाशी धरलं की यांचा बदाम संपला, म्हणजे हुकूम बदाम नाही. पाचव्या हाताला मी चौकटचा एक्का उतरवला. मिस्टरांकडे चौकट नव्हता. "हुकूम उघडतो" म्हणाले आणि पालथं पान सुलटं केलं, तर बदामचा गुलाम! दीर ताडकन उठले, "बदाम होता तर तिसऱ्या हाताला किलवर का टाकलात?" मिस्टरांचं म्हणणं, पालथं पान हातात नसतंच. शेवटी त्यांचे २०४ भरले. तो एक हात गेला नसता तर बोली पडलीच असती.

आणखी दोन शंका आहेत. कोणी हुकूम मागितला, म्हणजे रंग नाही म्हणून पालथं पान उघडायला लावलं, आणि त्याच्याकडे हुकूम निघाला, तर त्याने तो टाकायलाच हवा का? दिरांनी एकदा हुकूम मागून भलतंच पान टाकलं, त्यावरूनही कुरबुर झाली होती. आणि नणंदेला सवय आहे, हातात काही नसताना ती १८०, १९० म्हणत समोरच्याला वर चढवते. सासूबाईंना हे अजिबात पटत नाही, त्या म्हणतात ही फसवणूक आहे. तुमच्याकडे काय चालतं?


पार्ल्याचा_भिडू :

आमच्याकडे पालथं पान हातातलंच धरतात. प्रत्येकाला आठ पानं मिळालेली असतात, आठवं पान टेबलावर ठेवलं म्हणून ते दुसऱ्याचं होत नाही. रंग असून दुसरं पान टाकलं म्हणजे सरळसरळ चोरी. डाव तुमचा होता.

मागितलेला हुकूम टाकायलाच हवा, यावर आमच्यात कधी दुमत झालेलं नाही.


गुहागरची_आत्या :

सायली, तुझं वाचलं आणि लगेच लिहायला बसले. ३०४ मी आमच्या आतेकडून शिकले, ओटीवर. तिचा एकच दंडक होता: नियम आधी बोलून घ्या, मग पिसा. पत्ते वाटल्यावर नियमावर तोंड उघडलेलं तिला चालत नसे. तो दंडक मी आजही पाळते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पार्ल्याच्या भिडूंना माझं म्हणणं पटणार नाही, पण त्यांनी शेवटपर्यंत वाचावं.

मुळात हा खेळ उभा आहे तो बंद हुकमावर. पानांची किंमत तुला माहीत आहेच, तरी नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगते: सत्तीपासून वरची ३२ पानं घ्यायची. गुलाम ३०, नव्वी २०, एक्का ११, दश्शी १०, राजा ३, राणी २, अठ्ठी-सत्ती शून्य. जोरही याच क्रमाने. एका रंगाचे ७६, चार रंगांचे ३०४. निम्मे होतात १५२, म्हणून आमच्याकडे बोली १६० पासून सुरू. म्हणजे जो बोलतो तो "निम्म्यापेक्षा जास्त मी आणीन" असं कबूल करतो. चार-चार पानं वाटून झाली की बोली, मग हुकूम पालथा, मग उरलेली चार-चार. वाटप, बोली, खेळ, सगळं उजवीकडून. पहिली उतारी वाटणाऱ्याच्या उजवीकडच्याची.

आता हुकूम बंद असतो तेव्हा नेमकं काय चाललेलं असतं ते बघ. सगळ्यांना वाटतं की बंद हुकमाचा फायदा बोलीवाल्याला, कारण त्यालाच रंग माहीत. मला ते अर्धंच खरं वाटतं. हुकूम बंद असेपर्यंत त्याला हुकमाची उतारी करता येत नाही, हातात हुकमाशिवाय दुसरं काही उरलंच नाही तर गोष्ट वेगळी. हातात गुलाम-नव्वी असली तरी ती खाली उतरवून समोरच्यांचे हुकूम काढून घेता येत नाहीत. त्याचे हात बांधलेले असतात. हुकूम उघडला की ते मोकळे. म्हणूनच समोरचा कसलेला भिडू रंग नसतानाही हुकूम मागत नाही. एखादी सत्ती-अठ्ठी टाकून गप्प बसतो. बोलीवाला मनातून तडफडत असतो की कोणीतरी माग रे बाबा!

हे लक्षात आलं की तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं. पालथं पान हातातलं धरलं तर काय होईल? समोरच्यांनी एकेक रंग फिरवत बसायचं. ज्या रंगाला बोलीवाल्याकडे तेवढं एकच पान उरलंय त्या रंगाला त्याला ते उचलावंच लागेल, आणि हुकूम फुकटात उघडा पडेल. कोणी मागितलाही नाही, कोणी काही किंमतही मोजली नाही. मग लपवलं कशाला? म्हणून आमचा नियम असा: पालथं पान उघडेपर्यंत ते हातात नाही. बोलीवाला सात पानांनी खेळतो. त्या सातांत बदाम नसेल तर त्याच्याकडे बदाम नाही. तेव्हा तो दोनपैकी एक करू शकतो, हुकूम उघडून तेच पान मारायचं किंवा गपचूप दुसरं काही टाकायचं. तुझ्या नणंदेच्या मिस्टरांनी दुसरं केलं. माझ्या मते ते चुकले नाहीत, उलट तो हात त्यांनी फार हिमतीने खेळला. राणीच्या हाताला गुलाम उघडता आला असता, पण ते थांबले. चौकटच्या हातापर्यंत तुम्हाला गाफील ठेवलं. दिरांना सांग, राग समजतो, पण डाव मिस्टरांचाच.

एक मात्र मी त्यांच्यासारखं केलं नसतं. गुलाम पालथा टाकला नसता. तुझ्या सांगण्यावरून त्यांच्याकडे बदामची दोनच पानं होती, गुलाम आणि सत्ती. सत्ती पालथी टाकून गुलाम हातात ठेवला असता तर पहिल्याच हाताला, बदामच्या उतारीला, गुलामाने तो हात सहज घरात आला असता आणि हुकूमही बंदच राहिला असता. पालथं टाकलेलं पान अडकून पडतं. तीस गुणांचं पान कशाला अडकवायचं? हुकमाचं सगळ्यात हलकं पान पालथं टाकावं, असं माझं स्पष्ट मत आहे. काही जण मुद्दाम मोठं टाकतात, ते उघडल्यावर समोरच्याचा धीर सुटावा म्हणून. मला तो सौदा महाग वाटतो.

दुसरा प्रश्न. हुकूम मागितला तर मारायलाच हवा, असेल तर. यात सवलत नाही. नाहीतर ज्याच्याकडे रंग नाही तो दर वेळी नुसता बघायला म्हणून मागेल. मागण्याची किंमत म्हणजे हातातला हुकूम. नसेल तर काहीही टाका. दिरांनी तिथे नियम मोडला, आणि आमच्याकडे असं झालं की तो डाव तिथेच थांबतो आणि पूर्ण पडला असं धरतात.

बोली चढवण्याबद्दल आता. सासूबाईंना माझा नमस्कार सांग, त्यांच्याविषयी आदर ठेवूनच मी त्यांच्याशी सहमत नाही. समोरचा १७० बोललाय, त्याचा आवाज ठाम आहे, तुझ्याकडे दोन राण्या आणि दोन सत्त्या आहेत, आणि तू १८० म्हणतेस. यात फसवणूक कुठे आहे? तू स्वतःची मान अडकवतेस. तो पास झाला तर त्या दोन राण्या घेऊन तुलाच १८० आणायचेत! जो खोटं बोलतो त्यालाच त्या खोट्याची भरपाई करावी लागते, म्हणून ते खेळात बसतं.

फसवणूक कशाला म्हणायचं तेही सांगते. बोलताना भिडूकडे बघून खाकरणं. पास म्हणायच्या आधी छताकडे बघत बसणं, म्हणजे भिडूला कळावं की काहीतरी आहे. पान टाकताना जोरात आपटणं, म्हणजे "हा रंग पुन्हा आण". हे मी माझ्या ओटीवर चालू देत नाही, पाहुणा असला तरी. बोलीने आणि पानाने काय हवी ती थाप मारा. चेहरा, आवाज, हात-पाय यांना त्या कामाला लावायचं नाही. पोरं मला कडक म्हणतात, म्हणू देत. खुणा सुरू झाल्या की चार माणसांचा खेळ दोघांच्या कटात जातो आणि समोर बसलेल्यांना पानं लक्षात ठेवण्यात काही अर्थच राहत नाही.

बोली कशी ठरवावी हेही जाता जाता सांगते, कारण नवखे तिथेच बुडतात. समज, पहिल्या चारात आलं: इस्पिकचा गुलाम, एक्का, अठ्ठी आणि चौकटचा गुलाम. हातात ७१ गुण, इस्पिक हुकूम ठरलेला. मोठी उणीव एकच, इस्पिकची नव्वी. न दिसलेली पानं २८. त्यातली चार अजून मला यायची, आठ भिडूची, सोळा समोरच्या दोघांची. म्हणजे नव्वी आपल्या घरात असण्याची शक्यता सातात तीन आणि समोर असण्याची सातात चार. निम्म्याहून जरा कमीच. म्हणून मी इथे १७० बोलेन, कोणी चढवलं तर १८० ला जाईन, त्यापुढे नाही. हीच नव्वी असती आणि एक्का नसता, तर बिनधास्त २०० म्हटलं असतं, कारण गुलाम-नव्वी एकत्र असली की हुकूम उघडल्यावर दोन उताऱ्यांत समोरच्यांचे हुकूम बहुतेक निघून जातात.

मग उरलेली चार पानं आली: बदामची राणी आणि सत्ती, किलवरची दश्शी, इस्पिकचा राजा. अठ्ठी पालथी आहे. हातात किलवरचं एकच पान, चौकटचंही एकच. पहिला हात किलवरचा झाला, दश्शी गेली, जाऊ दे. मधे एखादा हात माझा आला की लगेच चौकटचा गुलाम उतरवून ३० घरात घ्यायचे. उशीर केला तर कोणाचा तरी चौकट संपतो आणि त्या गुलामावर हुकूम पडतो. चौकट गेला, किलवर आधीच गेलेला, म्हणजे आता दोन रंगांना माझा हात रिकामा. समोरच्याने किलवर फिरवला की मी ठरवणार: त्या हाताला पडलेल्या पानांत गुण असतील तर हुकूम उघडून राजाने मारायचा, गुण नसतील तर बदामची सत्ती टाकून गप्प.

आणि आतेची एक चाल सांगते, ती मी अजून कोणाला शिकवलेली नव्हती. हुकूम इस्पिक आहे, बंद आहे, पाच-सहा इस्पिक घरात आहेत. समोरच्याचा बिनगुणांचा हात चाललाय, आपल्याकडे तो रंग नाही. तेव्हा हुकूम न उघडता इस्पिकचंच हलकं पान टाकून द्यायचं, नको असलेल्या पानासारखं. बघणारा म्हणतो, स्वतःचा हुकूम कोण असा फेकेल? तो इस्पिक यादीतून खोडतो आणि पुढच्या हाताला निर्धास्तपणे इस्पिकचा एक्का उतरवतो. आता गुलाम पडतो. यात एकच धोका आहे, भिडूही फसतो. म्हणून ज्या भिडूबरोबर बरीच वर्षं बसलोय त्याच्याबरोबरच ही चाल करावी.


मंदार_बेंगळुरू :

आत्याबाई, दंडवत! तुमचं पालथ्या पानाचं म्हणणं मला एकदम पटलं. इथे ऑफिसात केरळचे सहकारी २८ खेळतात. बोली, पालथा हुकूम, चार-चार पानांचं वाटप, सगळा सांगाडा ३०४ चाच, फक्त गुण लहान: गुलाम ३, नव्वी २, एक्का आणि दश्शी १-१, राजा-राणीला काही नाही. रंगाचे सात, एकूण २८. बोली १४ पासून. त्यांच्यातही पालथं पान उघडेपर्यंत हातातलं धरत नाहीत आणि मागितला तर मारावाच लागतो.

बंगाली मंडळी २९ खेळतात, तेही याच घरातलं. त्यात हुकमाचा राजा आणि राणी एकाच हातात असली तर हुकूम उघडल्यावर ती जोडी दाखवता येते, आणि बोलीवाल्याची असेल तर बोली चारने उतरते. मला तो नियम आवडतो, पण ३०४ मध्ये घुसवू नये असं वाटतं. ३०४ मध्ये राजा-राणीला तीन आणि दोन गुण आहेतच, तेवढं पुरे.


पार्ल्याचा_भिडू :

आत्या, शेवटपर्यंत वाचलं. फुकटात हुकूम उघडा पडतो हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. आमच्याकडे तसं होतं खरं, दोन-तीन हातांत हुकूम बाहेर येतो, आणि आम्ही समजत होतो की खेळच तसा आहे.

पण मग मला एक सांगा. किलवरची उतारी आहे. दुसऱ्याने किलवर नाही म्हणून बदामचा एक्का टाकला, हुकूम न मागता. तिसऱ्यानेही किलवर नाही म्हणून हुकूम मागितला, बदाम निघाला, त्याने बदामची दश्शी मारली. आता हात कोणाचा? एक्का दश्शीपेक्षा मोठा आहे.


गुहागरची_आत्या :

हात तिसऱ्याचा. दुसऱ्याने एक्का टाकला तेव्हा हुकूम बंद होता, म्हणून ते नुसतं रंग नसल्याचं पान. हुकूम उघडल्यानंतर पडलेलाच बदाम हुकूम. आधी पडलेल्या पानाला मागाहून जोर द्यायचा नाही. नाहीतर दुसरा न मागता, काही किंमत न देता हुकूम मारून गेला, असं होईल.

काही घरांत उलट धरतात हे मी पाहिलंय. त्यांच्याकडे बसले तर त्यांच्या नियमाने खेळते. पण बसायच्या आधी विचारून घेते.


मस्कतकर :

मी मूळचा वेंगुर्ल्याचा. इथे मस्कतमध्ये माझ्या शेजारी कोलंबोचं एक कुटुंब राहतं. एकदा गप्पांत पत्त्यांचा विषय निघाला, त्यांनी ३०४ म्हटलं आणि मी उडालोच. आम्ही त्याच संध्याकाळी बसलो. पानांचे गुण तेच, बोली १६० पासूनच. पण हुकूम उघडायची त्यांची रीत वेगळी आहे आणि ती मला आता जास्त आवडायला लागली आहे.

त्यांच्याकडे हुकूम कोणी मागत नाही. ज्याच्याकडे उतारीचा रंग नाही तो पान पालथं टाकतो. ते हुकूम आहे की फेकलेलं पान आहे, कोणालाच कळत नाही. हात पुरा झाला की बोलीवाला एकटा ती पालथी पानं उचलून बघतो. त्यात हुकूम असेल तर ते सुलटं करतो, स्वतःचं लपवलेलं पानही दाखवतो, आणि हुकूम मारणाऱ्याला हात जातो. हुकूम नसेल तर पानं तशीच पालथी राहतात आणि हात रंगातल्या मोठ्या पानाचा. म्हणजे काय फेकलं हे टाकणारा आणि बोलीवाला सोडून डाव संपेपर्यंत कोणालाच कळत नाही! आत्या, तुमच्या आतेची ती चाल या रीतीत करता येणार नाही, कारण फेकलेलं पान दिसतच नाही. पण कोणीतरी पान पालथं टाकलं की बोलीवाल्याच्या चेहऱ्याकडे बाकीचे तिघं बघत असतात, ती मजा निराळीच.

अजून एक. गुलाम आणि नव्वी सगळ्यांत मोठी, हा क्रम युरोपातल्या काही खेळांतही सापडतो. हॉलंडमध्ये क्लाव्हरयास नावाचा खेळ आहे, ३२ पानांचाच. त्यात हुकमाच्या रंगाला गुलाम २०, नव्वी १४, एक्का ११, दश्शी १०. फक्त हुकमापुरता हा क्रम, बाकी रंगांत एक्काच मोठा. डच लोक सतराव्या शतकाच्या मध्यापासून १७९६ पर्यंत श्रीलंकेत होते, त्यामुळे ३०४ आणि २८ ची मुळं त्या खेळांत असावीत असं मानलं जातं. आमच्या वेंगुर्ल्यातही त्याच सतराव्या शतकात डचांची वखार होती, तिचे अवशेष अजून उभे आहेत. कोकणात हा खेळ कुठल्या वाटेने आला ते मी सांगू शकत नाही, पण वखारीच्या भिंतीजवळून जाताना आता माझ्या मनात पत्ते येतात एवढं खरं.


सायली_डोंबिवली :

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्या, तुमचं लिहिलेलं मी जसंच्या तसं दिरांना पाठवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि नणंदेच्या मिस्टरांना स्वतःहून फोन केला. सासूबाईंनी खुणांबद्दलचं वाचलं आणि म्हणाल्या, "हे मात्र बरोबर, मग चढवू दे तिला काय चढवायचं ते."

आता शेवटचं विचारते. गुणांचा हिशोब तुमच्याकडे कसा ठेवतात? आम्ही प्रत्येक डावाचे आकडे वहीत मांडतो, त्यात वेळ जातो. आणि भिडूच्या बोलीवर बोली लावावी का? मी एकदा दिरांच्या १६० वर १७० म्हटलं तर सगळे ओरडले.


गुहागरची_आत्या :

अगं, वही कशाला? चिंचोके घ्या. दोन्ही बाजूंना दहा-दहा. बोली आणली तर समोरच्यांकडून एक चिंचोका घ्यायचा, पडली तर दोन द्यायचे. २०० किंवा वर बोललात तर आणल्यास दोन, पडल्यास तीन. २५० ला तीन आणि चार. पडल्यावर नेहमी एक जास्त जातो. तुझी नणंद चढवते ना, तिला आवर घालायला तेवढा पुरतो. ज्यांचे चिंचोके संपले ते हरले. मग पिसणं त्यांच्याकडे आणि चहाही त्यांनीच करायचा.

भिडूच्या बोलीवर बोली लावायची तर थेट २००, त्याखाली नाही. ओरडले ते बरोबरच ओरडले. १६० वर १७० म्हणून तू भिडूला फक्त "माझ्याकडेही आहे" एवढंच कळवतेस, आणि ती एक प्रकारची खूणच झाली. २०० म्हणायचं तर मात्र जबाबदारी अंगावर घ्यावी लागते, म्हणून ते चालतं. समोरच्याने मधे चढवलं असेल तर भिडूची बोली तिथेच संपली, मग तू दहाने वर जाऊ शकतेस.

आठही पानं हातात आल्यावर कोणाला २५० बोलावंसं वाटलं तर आमच्याकडे बोलू देतात. मग आधीचा हुकूम उचलून ज्याचा त्याला परत आणि नव्याचा पालथा. असं क्वचित होतं, पण आधी ठरवून ठेवा. पहिला बोलणारा पास म्हणू शकत नाही, त्याला १६० घ्यावीच लागते, हेही ठरवा. मात्र पहिल्या चार पानांत नुसत्या सत्त्या-अठ्ठ्या आल्या तर पानं दाखवून पुन्हा पिसायची. सातव्या हातापर्यंत हुकूम बंदच राहिला तर आठव्या हाताला बोलीवाल्याचं शेवटचं पान तेच असतं, ते सुलटं पडलं की त्याच हातापुरता हुकूम.

मस्कतकर, तुमची ती पालथी पानं टाकायची रीत मला करून बघायची आहे. एवढं सांगा, बोलीवाल्याने पालथं पान बघून खोटंच "हुकूम नाही" म्हटलं तर ते कळतं कसं?


मस्कतकर :

डाव संपला की सगळे हात उलगडून बघतात, आत्या. खोटं निघालं तर बोली पडली असं धरतात. आमच्याकडे तरी आजवर कोणी तसं केलेलं नाही.